पानांच्या हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम ओळखणारे रिचर्ड विलस्टॅटर

पानं हिरवी दिसतात ती हरितद्रव्यामुळे, हे शाळेत सगळेच शिकतात. पण या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मॅग्नेशियमचा एक अणू असतो, हे ठाऊक आहे का? हे सिद्ध केलं रिचर्ड विलस्टॅटर यांनी.

१८७२ साली जर्मनीतल्या कार्ल्सरुहे शहरात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९०५ साली ते झुरिकला प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांसोबत २०० हून अधिक वनस्पतींची पानं तपासली. हरितद्रव्य सगळीकडे तेच निघालं, आणि त्यातलं मॅग्नेशियम ही भेसळ नसून त्याचाच भाग असल्याचं स्पष्ट झालं. १९१५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पिकाची पानं पिवळी का पडतात, याचं एक उत्तर इथे सापडतं. मुळं मातीतून मॅग्नेशियम शोषून घेतात. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून कोवळ्या पानांना पुरवतं. म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. गळलेली पानं कुजली की उरलेलं मॅग्नेशियम पुन्हा मातीत मिसळतं. पण कापून नेलेल्या पिकासोबत गेलेलं आणि पावसात वाहून गेलेलं मॅग्नेशियम परत येत नाही.

पुढे विलस्टॅटर म्युनिक विद्यापीठात आले. तिथे ज्यू उमेदवारांना डावललं जातंय हे पाहून १९२४ साली त्यांनी राजीनामा दिला. नंतर अनेक ठिकाणांहून बोलावणी आली, पण त्यांनी प्राध्यापकी पुन्हा स्वीकारली नाही. १९३९ साली नाझींमुळे त्यांना देश सोडावा लागला. १९४२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.