आस कोणाची?

आजचं वचन: मार्क ११:२४

आपल्या वांगणीवरून जाणारे रूळ पुढे पुण्याला आणि तिथून केडगावला पोहोचतात. तिथेच पंडिता रमाबाईंचं (१८५८–१९२२) मुक्ती मिशन आहे.

दुष्काळात उपाशी मुलींना, विधवांना रमाबाईंनी तिथे आसरा दिला. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी संजीवनासाठी प्रार्थनेची हाक दिली. साधारण ७० जणी रोज जमू लागल्या. महिने गेले, पण संख्या वाढतच गेली. जूनपर्यंत ५०० च्या वर. उत्तर दिसायच्या आधीच रमाबाईंनी गावोगाव सुवार्ता सांगायला मुली तयार केल्या. आणि जूनअखेर संजीवन आलं!

पण प्रत्येक आस पुरी झाली नाही. पुढे काम सांभाळणारी लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरी रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. ते पूर्ण करूनच एप्रिल १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

त्यांनी आस धरली होती ती प्रभूची. म्हणून लेक गेली तरी प्रार्थना थांबली नाही.

तुमची एखादी प्रार्थना अडून राहिलीय का? आज पुन्हा मागा, आणि मागून झालं की तयारीला लागा.

प्रभू, आम्हालाही असा विश्वास दे. आमेन.