दोन दगडांच्या मधलं शेवाळ

मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा मागच्या दारी गेला. काही घरांत तर तो आता फक्त बारशाला आठवतो. पण मैत्रिणींनो, तो काळा दगड कुठला, हे कधी मनात आलंय का? जातं, पाटा, देवळाची पायरी, विहिरीचं बांधकाम, अजिंठा-वेरूळची लेणी, सगळीकडे तोच. जमिनीच्या भेगांमधून वर आलेला तापलेला लाव्हा पसरला, थंड झाला आणि त्याचा हा दगड बनला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर चढत गेले आणि आपला महाराष्ट्र बराचसा त्याच थरांवर उभा आहे.

मात्र एक थर थंड झाल्यावर लगेच दुसरा येत नसे. मध्ये बराच काळ जाई. त्या काळात पाऊस पडे, खोलगट जागी तळी साचत, काठावर झाडं वाढत, पाण्यात गोगलगायी आणि मासे येत. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. त्या तळ्यांचा गाळ दोन काळ्या थरांच्या मध्ये अजून सापडतो, पोळीच्या दोन पदरांत पुरण असावं तसा. नागपूर-छिंदवाडा भागात त्या गाळात गारेचं पाणी मुरून तो गारगोटीसारखा कडक झाला. या पुरणात काय काय आहे ते बघण्यात ज्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली, ते बिरबल साहनी.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. म्हणजे तारीख पंडित नेहरूंचीच, वर्ष दोनाने पुढे. गाव भेरा, आता पाकिस्तानात. आपण उपवासाला जे सैंधव वापरतो, त्याच्या खाणी असलेला मिठाचा डोंगर या गावापासून फार लांब नाही. वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. सुधारकी विचारांचे, आणि मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकणारे. आई ईश्वरदेवी. झाडपाला, दगड, शिंपले गोळा करायची सवय बिरबलना लहानपणीच लागली.

त्यांच्या कॉलेजातली एक गोष्ट सांगतात. बी. एस्सी.च्या परीक्षेत वनस्पतिशास्त्राचा पेपर हातात आला, तर तो आदल्या एका वर्षीचाच जसाच्या तसा. दुसरा एखादा मनात खूश झाला असता. हे उठले आणि वर्गाबाहेर पडले. शेवटी विद्यापीठाला नवा पेपर काढावा लागला म्हणे.

१९११ साली ते केंब्रिजला गेले. तिथे प्राध्यापक सिवर्ड यांच्या हाताखाली जीवाश्म वनस्पतींचं, म्हणजे दगड झालेल्या झाडांचं शास्त्र शिकले. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. घेऊन परतले. आधी बनारस, मग लाहोर आणि १९२१ पासून लखनौ. वनस्पतिशास्त्राचे तिथले ते पहिले प्राध्यापक. अंगावर खादी, हातात कधी सतार तर कधी व्हायोलिन, आणि टेबलावर दगडांचा ढीग. १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच सुमाराला रोहतकजवळच्या एका टेकाडावर त्यांना जुनी नाणी पाडायचे मातीचे साचे सापडले. मग गडी त्याच्याही मागे लागला आणि प्राचीन काळी नाणी कशी ओतत, यावर अख्खा निबंध लिहून मोकळा झाला.

लग्न १९२० सालचं. पत्नी सावित्री, पंजाबातले शाळा-तपासनीस सुंदरदास सुरी यांची मुलगी. सावित्री शास्त्रज्ञ नव्हत्या. पण नवऱ्याच्या भटकंतीत त्या बरोबर असायच्या. देशात, परदेशात, डोंगरात. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता त्या तळ्यातल्या शेवाळाकडे वळू. जुन्या तलावात, भाताच्या खाचरात, संथ स्वच्छ पाण्यात तळाशी एक हिरवं झुडूपवजा काहीतरी वाढतं. ताठ दांडी, पेरापेरावर बारीक फांद्यांचा घेर. पटकन वाटावं पाणवनस्पतीच आहे. हातात घेतलं तर खरखरीत लागतं, कारण पाण्यातला चुना त्याच्या अंगावर बसतो. वास मात्र उग्र, लसणाकडे झुकणारा. याचं शास्त्रीय नाव कारा. मूळ नाही, फूल नाही, बी नाही, म्हणून त्याची गणना हिरव्या शेवाळांत होते. मात्र तळ्यावरच्या साध्या तवंगापेक्षा ते फारच निराळं.

त्याचं फळ खसखशीएवढं किंवा त्याहून बारीक. खऱ्या अर्थाने ते फळ नव्हे, मादी-अवयव. पण भिंगाखाली धरलं की बघत राहावं. मध्ये गोल दाणा आणि त्याभोवती पाच पेशी दोरीसारख्या तिरप्या गुंडाळलेल्या. या वेढ्यांत चुना साठतो आणि दाणा घट्ट होतो. दांडी, फांद्या कुजून जातात, दाणा गाळात राहतो. फ्रान्समध्ये लामार्कसारख्या मोठ्या माणसालासुद्धा असे दगड झालेले दाणे बघून ते बारीक शंखाच्या जातीचे प्राणी वाटले होते. १८१२ मध्ये लेमान यांनी दाखवलं की हे शंख नव्हेत, काराच्या कुळातलं फळ आहे. तेव्हापासून गोड्या पाण्याच्या जुन्या गाळाचं वय काढायला हे दाणे कामाला येतात. काळ बदलला तसे त्यांचे आकार, वेढे, टोकं बदलत गेली, आणि हे कुळ चाळीस कोटी वर्षांहून जुनं आहे.

आपल्याकडे वाद होता तो काळ्या दगडाच्या वयाचा. सर्वेक्षण खात्यातल्या बऱ्याच भूशास्त्रज्ञांचं म्हणणं, हा लाव्हा क्रिटेशस काळातला, म्हणजे डायनोसॉरच्या जमान्यातला. साहनींना ते पटेना. दगडाचं वय दगडाला विचारून कळत नसेल तर त्यात अडकलेल्या झाडांना विचारू, असा त्यांचा मार्ग. किरणोत्सर्गावरून असल्या दगडांची नेमकी वयं काढायची सोय तेव्हा हाताशी नव्हती, हे लक्षात घ्या.

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसर लागतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण बाजारात मराठी ऐकू येते. सौंसर आणि जवळचं मोहगाव कलाँ इथले गारेचे दगड साहनींच्या प्रयोगशाळेत पोचायचे. या भागातले जीवाश्म गोळा करायची सुरुवात त्यांच्याही आधीची. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, ते पाद्री स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी १८५० च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळीसारख्या ठिकाणांहून फळं, शंख जमवले होते. साहनींनी मात्र दगड कापून आत बघायला सुरुवात केली. दगडाची चकती काढायची, काचेवर चिकटवायची आणि घासत राहायचं, घासत राहायचं, इतकी पातळ होईपर्यंत की प्रकाश आरपार जावा. चटणी वाटणाऱ्या बाईलाच त्या कामातली चिकाटी कळेल. मग सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या पेशी न पेशी दिसायला लागतात.

आत काय काय निघालं! ताडा-माडाच्या जातीची खोडं. पाण्यावर तरंगणारं अझोला, जे आज भातशेतीत खत म्हणून सोडतात. मोहगाव कलाँला के. पी. रोडे यांना सापडलेलं निपा नावाच्या ताडाचं फळ. निपा आज सुंदरबनासारख्या खाडीच्या खारट चिखलात वाढतो. त्यावरून साहनींनी अंदाज बांधला की एके काळी समुद्राचा एखादा फाटा छिंदवाड्यापर्यंत येत असणार. वैदर्भीय मैत्रिणींनो, तुमच्या शेजारी समुद्र! एका फळाचं तर कोडं इतकं की त्याला नावच कोड्यावरून दिलं, एनिग्मोकार्पन.

आणि कारा. राजमहेंद्रीजवळच्या अशाच थरांतल्या काराच्या फळांवर एस. आर. नारायण राव यांनी आधी काम केलेलं होतं. त्यांच्यासोबत साहनींनी १९४३ मध्ये सौंसरच्या गारेतल्या शेवाळाचं वर्णन छापलं. गावाच्याच नावावरून त्याला कारा सौंसरी म्हटलं. एरवी दगडात नुसते दाणे मिळतात आणि कुळापलीकडे ठाम काही म्हणता येत नाही. इथे मात्र ते खास कारा याच प्रजातीचं आहे, असं त्यांना म्हणता आलं. म्हणजे आपल्या आजच्या तळ्यातल्या शेवाळाची सख्खी जुनी नातेवाईक. मला या सगळ्या पसाऱ्यात हेच फार आवडतं. डायनोसॉर गेले, डोंगर झिजले, आणि हे तळाशी आपलं चाललेलंच आहे.

हा सगळा पुरावा मांडून साहनी म्हणत राहिले की ही झाडं नव्या युगातली आहेत, लंडनजवळच्या चिकणमातीत मिळणाऱ्या निपासारख्या फळांच्या काळातली. सबब लाव्हाही डायनोसॉरनंतरचा. १९३४ मध्ये त्यांनी हा प्रश्न जाहीरपणे उभा केला आणि १९४० मध्ये मद्रासच्या सायन्स काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणाचा विषयही तोच ठेवला.

बरोबर होतं का त्यांचं? अर्धं. आजच्या मोजणीप्रमाणे बहुतेक लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे नेमका डायनोसॉर संपले त्या उंबरठ्यावरचा. काही थर उंबरठ्याच्या अलीकडे, काही पलीकडे. मोहगाव कलाँचे परागकण तपासल्यावर तो गाळ डायनोसॉरच्या अखेरच्या काळातला ठरला. तिथे साहनी चुकले. त्याच छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीचा गाळ मात्र नव्या युगाच्या अगदी सुरुवातीचा निघाला. गावच्या मिठाच्या डोंगराबद्दल तर ते पुरतेच चुकले. मिठात झाडांचे सूक्ष्म तुकडे मिळाले म्हणून त्यांनी मीठ पाच-सहा कोटी वर्षांचं मानलं, ते निघालं पन्नास कोटी वर्षांहूनही जुनं. पण दगडातल्या खसखशीएवढ्या गोष्टींवरून देशाच्या जमिनीचं वय काढायचं, हे आपल्याकडे त्यांनी रुजवलं, आणि या थरांचं वय ठरवताना काराच्या कुळातले दाणे आजही बघितले जातात.

काराच्या नात्यागोत्यातही भर पडली आहे. अकरावीला स्पायरोगायरा शिकलेल्यांना हे सांगायला हवं. जमिनीवरच्या झाडांचं सर्वांत जवळचं शेवाळ म्हणजे कारा, असं बरीच वर्षं मानत. जनुकं तपासल्यावर तो मान स्पायरोगायराच्या घराण्याकडे गेला. कारा तरीही जवळच्यांतलंच. तुळस, जास्वंद, ज्वारी यांची आणि त्याची मूळ शाखा एकच आहे.

साहनींना हे सगळं काम लखनौच्या एका विभागात मावणार नाही, हे दिसत होतं. १९४६ मध्ये त्यांनी सोसायटी आणि संस्था काढली. आपली पुस्तकं, जीवाश्म, मालमत्ता नवरा-बायकोने तिला देऊन टाकली. कोनशिलाही त्यांनी स्वतः तयार केली. निरनिराळ्या देशांतले, निरनिराळ्या काळातले जीवाश्म तिच्यात बसवून. ३ एप्रिल १९४९ ला पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसली. १० एप्रिलच्या रात्री हृदयविकाराने साहनी गेले. वय ५७. मध्ये फक्त एक आठवडा. जाताना संस्था सांभाळायला त्यांनी पत्नीला सांगितलं, असं म्हणतात.

विचार करा, काय अवस्था असेल. इमारत उभी नाही, संचालक नाही, पैसा सरकारकडून यायचा. आणि समोर एक बाई, जिच्याकडे या शास्त्राची पदवी नाही. अशा वेळी चार लोक काय सल्ला देतात ते तुम्हाला-मला माहीत आहे. सावित्रीबाईंनी अध्यक्षपद घेतलं. परदेशातले जाणकार बोलावले. नॉर्वेचे प्राध्यापक होएग संचालक म्हणून आले, पुढे आपले के. आर. सुरंगे झाले. २ जानेवारी १९५३ ला नव्या इमारतीचं उद्घाटन करायला पुन्हा नेहरूच आले. साहनींची समाधी त्याच आवारात आहे. १९६९ पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षं, सावित्रीबाई अध्यक्ष होत्या. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. १९८५ मध्ये त्या गेल्या.

संस्था लखनौला आहे, बिरबल साहनींच्याच नावाने. २०१५ मध्ये तिचं काम वाढवून नाव थोडं बदललं. आता तिथे झाडांबरोबर जुनं हवामान, जुने प्राणी, जुनी माणसं यांचाही अभ्यास होतो. जीवाश्मांचं संग्रहालयही आहे. त्या बाजूला गेलात तर कोनशिला जरूर बघा. आणि तेवढं लांब जाणं होत नसेल तर गावाबाहेरच्या जुन्या तलावात वाका. खरखरीत, लसणासारख्या वासाचं शेवाळ हाताला लागलं, तर पेराजवळ बारीक दाणे आहेत का ते मुलांच्या भिंगातून पाहता येईल.