बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (जन्म : १९ मार्च १८७६, धारवाड, मृत्यू : ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू आणि दलित समाजातील राजकीय कार्यकर्ते होते. इंग्रजी धावफलकांत त्यांचे नाव पी. बाळू असे येते. संथ गतीने डाव्या हाताने फिरकी गोलंदाजी करणाऱ्या बाळूंची गणना कसोटीपूर्व काळातील भारताच्या सर्वश्रेष्ठ गोलंदाजांत होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. सुमारे दीड दशके हिंदू संघाचा आधारस्तंभ असूनही त्यांना त्या संघाचे कर्णधारपद कधीही देण्यात आले नाही. या कारणाने त्यांचे चरित्र भारतीय क्रिकेटच्या इतिहासाइतकेच जातिव्यवस्थेच्या इतिहासातही महत्त्वाचे मानले जाते.

पूर्वजीवन

बाळूंचा जन्म चर्मकार कुटुंबात झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आले आहे. वडिलांच्या लष्कराशी संबंधित नोकरीमुळे हे कुटुंब पुण्यात स्थायिक झाले. बाळू हे भावंडांत थोरले होते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊही पुढे क्रिकेटपटू झाले आणि चौघेही हिंदू संघाकडून खेळले. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर या भावांनी खेळाचे पहिले धडे गिरवले.

घरच्या परिस्थितीमुळे बाळूंना लहानपणीच नोकरी धरावी लागली. पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवणे ही त्यांची कामे होती आणि त्यांचा पगार दरमहा ३ रुपये होता. १८९२च्या सुमारास ते युरोपीय अधिकाऱ्यांच्या पूना क्लबात दरमहा ४ रुपये पगारावर रुजू झाले. मैदानाची निगा राखणे, सरावाची जाळी उभारणे आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे हे तेथील काम होते. याच सरावातून त्यांची गोलंदाजी घडली. इंग्रज फलंदाजांना त्यांनी तासन्तास गोलंदाजी केली. मात्र क्लबात त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा सभासदांचा अधिकार होता आणि नोकरांनी चेंडू टाकायचे, अशी तेथील रीत होती.

पूना क्लबातील उत्तम फलंदाज कॅप्टन ग्रेग हे बाळूंच्या गोलंदाजीवर नियमित सराव करीत. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी ते बाळूंना ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे.

पुण्यातील हिंदू संघ

बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती लवकरच पुण्यातील हिंदू खेळाडूंपर्यंत पोहोचली. युरोपीय संघाला हरवण्यासाठी त्यांना संघात घ्यावे की नाही, यावर त्या खेळाडूंमध्ये मतभेद झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या व्यक्तीबरोबर खेळण्यास काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता, तर अन्य काहींनी बाळूंचा पक्ष घेतला. अखेरीस त्यांचा संघात समावेश झाला आणि पुण्याच्या हिंदू संघाला त्यांच्या गोलंदाजीने अनेक विजय मिळवून दिले.

मैदानावरील हा समावेश मैदानाच्या कडेपर्यंतच टिकत असे. बाळूंनी हाताळलेला चेंडू सवर्ण सहकारी झेलत. पण चहापानाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताटही वेगळे असे. साताऱ्यातील युरोपीय संघाविरुद्धच्या सामन्यात त्यांनी मिळवलेल्या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्यासोबत खेळता येते त्याच्यासोबत जेवण्यास हरकत नसावी, अशी रानडे यांची भूमिका होती.

मुंबईतील कारकीर्द

प्लेगच्या साथीच्या काळात पालवणकर कुटुंबाने पुणे सोडून मुंबई गाठली. बाळूंनी काही काळ लष्करात आणि नंतर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी केली. १८९४ साली स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना प्रवेश देण्यास आरंभी काही सभासदांनी आक्षेप घेतला. पारशी आणि युरोपीय संघांशी बरोबरी साधायची असेल तर बाळूंखेरीज पर्याय नाही, हे ध्यानात आल्यावर तो विरोध मावळला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपीय संघांचा सामना झाला. हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपीयांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. पहिल्या डावात ३ आणि दुसऱ्या डावात ५ असे ८ बळी बाळूंनी घेतले. राज्यकर्त्यांच्या संघावर मिळवलेला हा विजय देशभर गाजला. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी साप्ताहिकाने त्याचा संबंध जातिभेदाच्या प्रश्नाशी जोडला. पुण्यात बाळूंना वेगळे बसवले जात होते आणि मुंबईत ते सहकाऱ्यांच्या पंक्तीला बसू लागले होते. हा बदल त्या साप्ताहिकाने सामाजिक प्रगतीचे लक्षण मानला.

१९०७ पासून युरोपीय, पारशी आणि हिंदू संघांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या समावेशाने ती चौरंगी झाली. १९२०-२१च्या हंगामापर्यंत बाळू या स्पर्धांत हिंदू संघाकडून खेळले.

१९११चा इंग्लंड दौरा

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शीख अशा सर्व समाजांचे खेळाडू या संघात होते. बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम या दोघांची त्यात निवड झाली. बाळूंचे वय तेव्हा ३५ वर्षे होते.

सांघिक दृष्टीने हा दौरा अपयशी ठरला. एकूण २३ सामन्यांपैकी भारतीय संघाने ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले. बाळूंची कामगिरी मात्र असामान्य होती. दौऱ्यातील सर्व सामने मिळून त्यांनी १८.८४च्या सरासरीने ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणी कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी होय. लीस्टरशायरविरुद्ध त्यांनी सामन्यात ११ बळी घेतले आणि भारतीय संघाला दौऱ्यातील पहिला प्रथम श्रेणी विजय मिळाला. इंग्लंडमधील परक्या खेळपट्ट्यांवर मिळवलेल्या या यशामुळे त्यांची तुलना इंग्लंडचे विख्यात डावखुरे फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी होऊ लागली.

मायदेशी परतल्यावर मुंबईत दलित समाजातर्फे बाळूंचा सत्कार करण्यात आला. त्यांना अर्पण केलेल्या मानपत्राचा मसुदा त्या वेळी महाविद्यालयीन विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकरांनी तयार केला होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नमूद केले आहे. आंबेडकरांच्या पिढीतील दलित तरुणांसाठी बाळू हे कर्तृत्वाचे जिवंत उदाहरण होते.

कर्णधारपदाचा प्रश्न

वय, अनुभव आणि कामगिरी या तिन्ही निकषांवर बाळू हे हिंदू संघातील सर्वांत ज्येष्ठ खेळाडू होते. तरीही कर्णधारपद सवर्ण खेळाडूंकडेच राहिले. संघाचे कर्णधार मुकुंद पै यांनी आपल्या सत्काराच्या प्रसंगी हा मान वास्तविक बाळूंना मिळायला हवा होता, अशी भावना व्यक्त केली. निवड समितीच्या धोरणात मात्र फरक पडला नाही.

१९२०च्या चौरंगी स्पर्धेत हा प्रश्न ऐरणीवर आला. पै अनुपलब्ध असल्याने पहिल्या सामन्यासाठी दिनकर बळवंत देवधर यांची कर्णधार म्हणून निवड झाली आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. विठ्ठल आणि शिवराम हे देवधरांना ज्येष्ठ होते. या दोघा बंधूंनी संघातून माघार घेतली आणि जातीच्या कारणाने आपल्याला डावलल्याचा आरोप जाहीर निवेदनाद्वारे केला. वृत्तपत्रांतून या प्रकरणाची चर्चा झाली आणि जनमत पालवणकर बंधूंच्या बाजूने झुकले. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै कर्णधार म्हणून परतले, दोघे बंधू संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या अवधीत बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले ते एवढेच.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर यांना हिंदू संघाचे कर्णधार नेमण्यात आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपीयांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. पुढे भारताचे पहिले कसोटी कर्णधार झालेले सी. के. नायडू या काळात विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली खेळले. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. पालवणकर बंधूंच्या काळाचा तो एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

राजकीय जीवन

खेळातून निवृत्त झाल्यानंतर बाळू दलितांच्या प्रश्नांवर सार्वजनिक कार्य करू लागले. महात्मा गांधींच्या अस्पृश्यतानिवारण कार्याविषयी त्यांना आस्था होती. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर करून दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधींनी २० सप्टेंबर रोजी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. डॉ. आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघांचे समर्थक होते. बाळू आणि मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा यांचा संयुक्त मतदारसंघांना पाठिंबा होता. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारानुसार स्वतंत्र मतदारसंघांऐवजी प्रांतिक विधिमंडळांत दलितांसाठी १४८ राखीव जागा ठरल्या. या करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत बाळूंचाही समावेश होता.

१९३३ मध्ये त्यांनी हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली. तीत त्यांचा पराभव झाला. १९३७च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उमेदवारी दिली. या लढतीत आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांच्या गौरवासाठी आंबेडकरांनी लेखणी उचलल्याचे सांगितले जाते, त्यांच्याविरुद्धच ही निवडणूक झाली.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आकडेवारी

बाळूंनी १९०५-०६ ते १९२०-२१ या काळात ३३ प्रथम श्रेणी सामने खेळून १५.२१च्या सरासरीने १७९ बळी घेतले. डावात ५ किंवा अधिक बळी त्यांनी १७ वेळा, तर सामन्यात १० किंवा अधिक बळी ४ वेळा घेतले. फलंदाजीत त्यांच्या नावावर १३.६९च्या सरासरीने ७५३ धावा आहेत.

मूल्यमापन

बाळूंच्या श्रेष्ठत्वाविषयी क्रिकेटरसिक आणि अभ्यासक यांच्यात आजही चर्चा होते. भारताने पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये खेळला, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. कसोटीतील कामगिरी हाच मापदंड मानणाऱ्यांच्या यादीत त्यामुळे त्यांना स्थान मिळत नाही. त्यांच्या काळी वर्षाकाठी मोजकेच प्रथम श्रेणी सामने होत. त्यामुळे एकूण बळींची संख्या नंतरच्या गोलंदाजांच्या तुलनेत लहान दिसते. याउलट, दर सामन्यात पाचांहून अधिक बळींचे प्रमाण आणि पस्तिशीतील इंग्लंड दौऱ्याचे यश यांच्या आधारे त्यांना भारताचा पहिला महान गोलंदाज मानणारा अभ्यासकांचा वर्ग आहे. त्यांचे समकालीन रणजितसिंहजी इंग्लंडकडून कसोटी खेळले आणि भारतातील राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव मिळाले. बाळूंनी इंग्लंडमध्ये जे यश मिळवले ते भारतीय संघाचे खेळाडू म्हणून, या फरकाकडे हे अभ्यासक लक्ष वेधतात.

त्यांच्या राजकीय भूमिकेविषयीही एकमत नाही. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिल्यामुळे दलित चळवळीच्या स्मृतीत त्यांचे स्थान दुय्यम राहिले, असे मानले जाते. सवर्ण सहकाऱ्यांच्या बरोबरीने खेळून, त्यांच्याकडून टप्प्याटप्प्याने मान्यता मिळवत त्यांनी आयुष्य घडवले होते. संयुक्त मतदारसंघांकडे असलेला त्यांचा कल या अनुभवातून आला असावा, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. दुसरीकडे, कर्णधारपदाबाबत त्यांना आलेला अनुभव हा अशा मान्यतेची मर्यादा दाखवतो, असे प्रतिपादनही केले जाते. दोन्ही बाजूंना आधार एकाच चरित्रातून मिळतो.

दीर्घकाळ विस्मृतीत गेलेले बाळूंचे चरित्र रामचंद्र गुहा यांच्या २००२ मध्ये प्रकाशित झालेल्या अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड या ग्रंथामुळे पुन्हा प्रकाशात आले. भारतीय क्रिकेटच्या या सामाजिक इतिहासात बाळू आणि त्यांच्या बंधूंना मध्यवर्ती स्थान आहे. बाळूंचे मूल्यमापन करताना त्यांनी घेतलेल्या बळींबरोबरच त्यांना नाकारलेल्या संधींचीही नोंद घेतली जाते.