प्रशांतचंद्र महालनोबीस
शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात. पण शीत कोणते उचलावे, हा प्रश्न प्रशांतचंद्रांना आयुष्यभर पुरला. १८९३ साली कलकत्त्यास जन्मलेले हे गृहस्थ केंब्रिजला पदार्थविज्ञान शिकले आणि संख्याशास्त्राचेच होऊन गेले. १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापली. बंगालमधील तागाच्या पाहणीत त्यांनी नमुने यदृच्छेने निवडले. शिवाय एकाच भागातले दोन स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या पथकांकडून मोजविले. दोन अंदाजांत अवास्तव तफावत आली, की मोजणीतली गफलत उघडी पडे. पीककापणीवरून मात्र आपल्या सातारा जिल्ह्यातील पां. वा. सुखात्मे यांच्याशी त्यांचा वाद झाला. तुकडा फार लहान घेतला, तर कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, हे सुखात्म्यांचे म्हणणे आम्हाला पटते. फुगलेल्या आकड्याने कोणाचे पोट भरणार? १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी ही महालनोबीसांच्याच खटपटीचे फळ. २८ जून १९७२ रोजी ते निवर्तले.