जगातला सगळ्यात गाजलेला बँजो त्याने अदलाबदलीत देऊन टाकला, तरीही डॉन रेनो मागे पडला नाही

बँजो म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येते गणपतीची मिरवणूक आणि त्यात वाजणारी बेंजो पार्टी. पण आपला बेंजो म्हणजे खरं तर बटणं दाबून वाजवायचा बुलबुल तरंग.

अमेरिकेतला बँजो वेगळा. गिटारसारखी दांडी, गोल लाकडी कड्यावर डफासारखा ताणलेला पडदा, आत एक जड धातूचं कडं आणि मागे वाटीसारखं लाकडी झाकण. या झाकणाला म्हणतात रेझोनेटर. त्याच्यामुळे आवाज पुढे फेकला जातो.

गंमत म्हणजे हे सगळं नटबोल्टवर जोडलेलं असतं. दांडी एका बँजोची, कडं दुसऱ्याचं, झाकण तिसऱ्याचं असं चालतं. म्हणून तिकडे जुना बँजो विकताना पहिला प्रश्न असतो, यातलं मूळचं किती आणि बदललेलं किती?

अशाच एका जुन्या बँजोच्या सौद्यात ज्याचं नाव कायमचं अडकलं, तो माणूस म्हणजे डॉन रेनो.

डॉन रेनोचा जन्म १९२६ चा, साऊथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गचा. लहान वयातच तो रेडिओवर वाजवायला लागला. तीन बोटांनी बँजो वाजवायची पद्धत त्याने उचलली स्नफी जेनकिन्स या वादकाकडून. पुढे त्याच्याकडूनच त्याने गिब्सन कंपनीचा ग्रॅनाडा मॉडेलचा जुना बँजोही विकत घेतला.

१९४३ मध्ये ब्लूग्रास संगीताचा बाप समजला जाणारा बिल मन्रो याने रेनोला आपल्या बँडमध्ये बोलावलं. इतकी मोठी संधी, पण महायुद्ध सुरू होतं. रेनो सैन्यात गेला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढला, जखमी झाला.

तो परत आला तोवर मन्रोच्या बँडमध्ये दुसराच पोरगा गाजत होता. त्याचं नाव अर्ल स्क्रग्ज. तोही तीन बोटांनीच वाजवायचा. १९४८ मध्ये स्क्रग्ज बाहेर पडल्यावर ती जागा रेनोला मिळाली खरी, पण लोकांना वाटायचं की हा स्क्रग्जची नक्कल करतोय.

याच सुमारास दोघांनी आपापले बँजो बदलले.

रेनोचा ग्रॅनाडा तेव्हा चांगल्या अवस्थेत नव्हता. बदल्यात त्याला मिळाला स्क्रग्जचा गिब्सन आरबी-७५. सौदा बरोबरीचा व्हावा म्हणून एक मार्टिन गिटारही हिशेबात धरली गेली. दोघांनाही वाद्याची पारख होती, त्यामुळे फसवाफसवीचा प्रश्नच नव्हता.

पुढे स्क्रग्जने तो ग्रॅनाडा दुरुस्त करून घेतला. वर्षानुवर्षांत त्याचे बरेच भाग बदलले गेले. पण स्क्रग्जच्या हातात तो इतका गाजला की आजही बँजो बनवणारे त्याच आवाजाच्या मागे असतात.

मग रेनोचं काय?

संधी युद्धात गेली, बँजो सौद्यात गेला, आणि वर नक्कल करतो हा शिक्का. दुसरा कोणी असता तर आयुष्यभर कुरकुरत बसला असता. रेनोने वाजवायची पद्धतच बदलली. गिटारवर जसे एकेका तारेवर सूर सलग घेतात, तसे तो बँजोवर घ्यायला लागला. ही त्याची स्वतःची शैली ठरली.

बदल्यात मिळालेल्या बँजोला त्याने प्रेमाने नेली असं नाव दिलं.

गायक रेड स्मायली हाही युद्धात जखमी झालेला. या दोघांची जोडी १९५० च्या दशकात जमली आणि १९६४ पर्यंत टिकली.

१९५५ मध्ये आर्थर स्मिथसोबत रेनोने दोन बँजोंची जुगलबंदी रेकॉर्ड केली. १९७२ च्या डिलिव्हरन्स या सिनेमात तीच धून ड्युएलिंग बँजोज नावाने वाजली, तीही दोघांना न विचारता. धून स्मिथची होती. तो कोर्टात गेला आणि जिंकला. बँजो न ऐकलेल्या माणसालाही आज ही धून ओळखीची वाटते.

१६ ऑक्टोबर १९८४ ला रेनो गेला. १९९२ मध्ये रेनो आणि स्मायली या जोडीला ब्लूग्रासच्या मानाच्या यादीत जागा मिळाली. नेली मात्र घरातच राहिली, ती पुढे त्याच्या मुलाने वाजवली.

आजही जुना बँजो विकणारा कड्याचं, दांडीचं, झाकणाचं सगळं सांगतो. सांगायलाच पाहिजे, कारण घेणाऱ्याचे पैसे त्या भागांवरच ठरतात. पण त्या एका सौद्यात दोन बँजोंनी घर बदललं आणि दोन्ही गाजले. भाग चांगले होतेच, पण नाव कमावलं ते हातांनी.