दाराबाहेरची साथ

३१ जानेवारी हा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण. युवकांचे पिता व गुरू म्हणून ख्रिस्तसभा त्यांचा गौरव करते. आसऱ्याची जागा सोडून जगात पाऊल टाकणाऱ्या मुलांना त्यांनी कशी साथ दिली, ह्याकडे आम्ही आज आपले लक्ष वेधू इच्छितो.

जॉन ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की ह्या वाडीत झाला. ते दोन वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. सावत्र भावाचा त्यांच्या शिक्षणाला विरोध होता. त्यामुळे बाराव्या वर्षी त्यांना घर सोडून दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहावे लागले. परक्या दारात उभे राहणे म्हणजे काय, हे ते लहानपणीच शिकले.

५ जून १८४१ रोजी ते धर्मगुरू झाले. फादर जोसेफ कफासो त्यांना तुरिन शहरातील तुरुंगांत घेऊन जात. सुधारण्याचा निश्चय करून सुटलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा गजाआड आलेली त्यांना दिसत. बाहेर त्यांचे कुणीच नव्हते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही स्वातंत्र्याविषयी पुष्कळ वाचले. पण ज्याला संध्याकाळी परतायला घर नाही, त्याचे स्वातंत्र्य म्हणजे केवळ एकटेपण, हे ह्या मुलांनी फादर बॉस्कोंना शिकवले.

१८४६ साली वाल्दोको भागात त्यांना एक शेड मिळाली. त्याच वर्षी त्यांची आई मार्गारेटा गाव सोडून त्यांच्या मदतीला आली. आसरा दिलेली काही मुले पहाटे चादरी-कांबळी घेऊन पसार झाली. तरीही १८४७ साली पावसात भिजून आलेल्या एका अनाथ मुलाला आईने चुलीपाशी बसवले, जेवू घातले आणि अंथरूण घालून दिले. तोच त्या घरचा पहिला निवासी.

मुलांना कामावर पाठवून ते मोकळे झाले नाहीत. १८५२ साली एका सुतारमालकाशी त्यांनी मुद्रांकित कागदावर करार केला. मालकाने मुलाला धंदा नीट शिकवावा, मारहाण न करता शब्दांनी समज द्यावी, रविवारी व सणाला मोकळे सोडावे, ठरलेली मजुरी द्यावी, अशा अटी त्यात होत्या. मुलाच्या सहीबरोबर त्या कागदावर फादर बॉस्कोंचीही सही होती. १८५० साली त्यांनी कामकरी मुलांचे परस्पर-साहाय्य मंडळ सुरू केले. प्रत्येकाने दर रविवारी एक नाणे द्यायचे. आजारी पडणाऱ्याला त्यातून रोज मदत मिळायची. १८५३ पासून घरातच चांभारकाम व शिवणकामाच्या कार्यशाळा सुरू झाल्या.

३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांनी देह ठेवला. १९३४ साली त्यांना संतपद मिळाले.

आपल्या देशातही अठरा वर्षे पूर्ण होताच मुलामुलींना बालगृह सोडावे लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्यांच्यासाठी पुढील मदतीची तरतूद आहे. पण भाड्याच्या खोलीसाठी ओळख कोण देणार? पहिला पगार कसा जपावा, हे कोण सांगणार? नाताळच्या दिवशी जेवायला कोण बोलावणार? कायदा हे करू शकत नाही. शेजारी करू शकतो.

धर्मग्रामस्थहो, आपल्यापैकी कुणाचे दुकान आहे, कुणाचा कारखाना, कुणाच्या घरी एक रिकामी खुर्ची. अशा एखाद्या मुलाच्या नावाशेजारी आपली सही करायला आपण तयार आहोत का? ह्या सणाच्या मिस्साबलिदानात आम्ही हाच प्रश्न वेदीवर ठेवणार आहोत.