बहिष्कृत टिळक आणि बहिष्काराचा कायदा

राळेगणसिद्धीच्या ग्रामसुधारणेमुळे सर्वदूर ठाऊक झालेला अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, जिल्हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीही कर्मभूमी होय. १८६१ साली कोकणात करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या या कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सगेसोयऱ्यांनी संबंध तोडले. पत्नी लक्ष्मीबाईंचाही काही वर्षे वियोग घडला. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला होता; पंगतीतले पान राखण्याची सोय त्यात नव्हती.

टिळकांनी द्वेषाची परतफेड द्वेषाने केली नाही. नगरला अध्यापन व धर्मसेवा करताना त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली. संतपरंपरेशी नाते सोडले नाही. लक्ष्मीबाई पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. १९१९ साली टिळक निवर्तले.

सामाजिक बहिष्काराला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठरविणारा महाराष्ट्राचा कायदा २०१७ साली अमलात आला. शत्रूवरही प्रीती करावी, असे मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाने या शिक्षेचे स्वागत करावे काय? अवश्य करावे. क्षमा करणे हा पीडिताचा अधिकार असला, तरी दुर्बळाचे रक्षण हे राज्याचे कर्तव्यच आहे. मात्र कायद्याने कृत्याला शासन करावे, मनाची झडती घेऊ नये. आणि त्याचे छत्र सर्व धर्मांच्या व जातींच्या माणसांवर सारखे असावे. मनातला द्वेष घालविण्याचे काम टिळकांनी आयुष्यभर केले. ते न्यायालयावर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही.